घरची खारी, कणकेची

प्रश्न : लालबागच्या बेकरीतली खारी चहात बुडवून लहानाची मोठी झाले. आता नातवासाठी डालडा न घालता, कणकेची करता येईल का?

उत्तर : येईल की! पण नुसत्या कणकेचा हट्ट नको. कोंड्याने पापुद्रे फाटतात. निम्मी चाळलेली कणीक, निम्मा मैदा. पाव किलो पिठाला दीडशे ग्रॅम गार बटर. मळलेल्या पिठाच्या पोळीत बटरचा एक थर गुंडाळून लाटा. मग तिपदरी घडी घालून पुन्हा लाटायचं, असं चारदा केलं की बटरचे 81 थर होतात. भट्टीत बटरमधल्या पाण्याची वाफ होते आणि तीच ते थर उचलते. आपल्या मुंबईच्या उकाड्यात बटर लाटतालाटताच पाघळतं, म्हणून दर घडीनंतर अर्धा तास फ्रिज. आधी 200 अंशांवर फुलवा, मग 150 वर कडकडीत वाळवा. बटर खारं असेल तर मीठ बेतानेच. आणि ताई, पौष्टिक म्हटलं तरी बटर ते बटरच. नातवाला दोनच द्या.