फिजिओथेरपीचं बिल लागलं, व्यायाम झाला का?

प्रश्न : सेप्सिसमुळे (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं) वडील कोल्हापुरात एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत होते, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर. जीव वाचला, पण आता हातपाय उचलत नाहीत. बिलात रोजची फिजिओथेरपी आहे. आम्हाला भेटीच्या वेळेत कुणी व्यायाम घेताना दिसलं नाही. पाहुणे म्हणतात, पोलिसांत जा. – एक वाचक, कागल

उत्तर : ताई, पोलिसांत जाऊ नका. डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सांगितलं आहे. तुमच्या हकिकतीत तसं काही दिसत नाही.

आता थोडं कटू. सेप्सिस आणि लांबलेला व्हेंटिलेटर यांत स्नायू आणि नसा उपचार चोख असतानाही दुबळ्या होतात. पहिल्या दहा दिवसांतच मांडीचा स्नायू बराच झिजतो. लवकर हालचाल सुरू केल्याने फायदा झाल्याचं रुग्णांवरच्या २००९च्या एका वैद्यकीय चाचणीत दिसलं; २०२२च्या मोठ्या चाचणीत मात्र नेहमीपेक्षा जास्त व्यायामाने फायदा दिसला नाही, उलट त्रासदायक घटना वाढल्या. त्यामुळे 'फिजिओ नाही म्हणून अशक्तपणा' हे सिद्ध करणं अवघड, आणि समोरचा वकील नेमकं इथेच बोट ठेवेल.

तुमची खरी बाजू बिलाची आहे. न दिलेल्या सेवेचे पैसे घेणं ही सरळ ग्राहक तक्रार. पण तुम्ही भेटीच्या वेळेतच तिथं होतात, फिजिओ सकाळी येऊन गेला असेल. म्हणून आधी कागद. संपूर्ण केसपेपर लेखी मागा, नर्सिंग चार्ट आणि फिजिओच्या रोजच्या नोंदींसकट. अर्जावर वडिलांची सही. हात चालत नसेल तर अंगठा, दोन साक्षीदारांसमोर. २००२च्या वैद्यकीय नियमांनुसार ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. पोच घ्या. फोनवरच्या 'देतो, देतो'ला किंमत नाही.

नोंदीच नसतील, किंवा साऱ्या एकाच शाईत, एकाच दमात लिहिल्यासारख्या असतील, तर वकिलामार्फत नोटीस द्या आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची. दिलेलं बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

घरचा फिजिओ मात्र आजच लावा. त्याच्याकडून पहिल्या तपासणीची लेखी नोंद आणि प्रत्येक भेटीची पावती घ्या.