सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे हुकलेली डॉक्टरकी नव्हे

आपले पत्र मिळाले. मुलीला बारावीत उत्तम गुण आहेत, वैद्यकीय प्रवेश मिळण्याजोगा आहे, पण प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंवर काम करायचे म्हणून ती सूक्ष्मजीवशास्त्राचा हट्ट धरून बसली आहे, आणि मी तिची समजूत काढावी अशी आपली अपेक्षा आहे. ती समजूत मी काढणार नाही.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आपले, आपल्या पत्नीचे, मुलीच्या काकांचे आणि शिकवणीच्या सरांचे मत पत्रात सविस्तर आले आहे. मुलीचे म्हणणे मात्र एका ओळीत उरकले आहे, आणि पुढच्याच ओळीत ‘हल्ली ती आमच्याशी फारशी बोलत नाही’ असे आपण लिहिले आहे. एका जागतिक संकटाबद्दल आपणहून वाचणारी, त्यासाठी आयुष्याची दिशा ठरवू पाहणारी मुलगी गप्प होते, तेव्हा तिचे मत बदललेले नसते. घरात ते मांडून उपयोग नाही, एवढेच तिला कळून चुकलेले असते. तिने कोणती शाखा घ्यावी यापेक्षा मला हे मौन अधिक गंभीर वाटते, आणि ते आपल्या आग्रहातून आले आहे, हे स्पष्टच सांगायला हवे.

‘नवे औषध निघाले की प्रश्न मिटेल, तोवर हिची पीएच.डी.ही झालेली नसेल’ हे आपले विधान चुकीचे आहे. पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधीच, 1940 मध्ये, त्याला निकामी करणारे विकर (एन्झाइम) जीवाणूंमध्ये आढळले होते. औषध वापरात आले की त्यातून तगणारे जीवाणू फोफावतात, आणि औषधाला दाद न देण्याची क्षमता देणारी त्यांची रोधक जनुके प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या वर्तुळावाटे दुसऱ्या जातीच्या जीवाणूंतही जातात. शिवाय नवे प्रतिजैविक शक्यतो राखून ठेवावे लागते, त्यामुळे त्याची विक्री जेमतेम होते. प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ते तयार करणारी अकाओजेन कंपनी 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणजे केवळ औषध शोधून भागत नाही. 2019 या एका वर्षात जगभर सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट जीवाणूंच्या या औषधरोधामुळे झाल्याचा अंदाज आहे, आणि ते कमी करायचे तर निदान, लसीकरण, स्वच्छ पाणी, रुग्णालयांतील संसर्गनियंत्रण आणि पशुपालनातील औषधवापर या सर्व आघाड्यांवर माणसे लागतात. डुकरांमधल्या आणि रुग्णांमधल्या जीवाणूंत कोलिस्टिन या प्रतिजैविकाला रोध करणारे जनुक आढळल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानंतर चीनने वाढीसाठी पशुखाद्यात कोलिस्टिन घालणे बंद केले. त्या निर्णयामागे प्रयोगशाळेतले काम होते.

‘लॅबमध्ये बसून काय करणार?’ असेही आपण विचारले आहे. रुग्णाच्या नमुन्यातील जीवाणू बशीतल्या आगर या जेलीसारख्या थरावर पसरून त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात आणि रात्रभर उबवल्यावर प्रत्येक चकतीभोवतीचे जीवाणूविरहित वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. चकतीच्या कडेपर्यंत वाढ दिसली, तर ते औषध त्या रुग्णाला देण्यात अर्थ नसतो. उपचार करणारा डॉक्टर याच अहवालाची वाट पाहत असतो, त्यामुळे या कामाला दुय्यम म्हणणे मला मान्य नाही.

वैद्यकीय प्रवेश परीक्षेतून पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेण्याची वाट आहेच. रुग्ण तपासण्याची ओढ तिला स्वतःला असेल, तरच ती घ्यावी. विज्ञान शाखेतून जायचे तर एम.एस्सी., पीएच.डी. असा लांब पल्ला आहे, सुरुवातीचे उत्पन्न बेताचे असते आणि संशोधनाचा निधी अनिश्चित असतो. हे तिच्यापासून लपवू नका, पण तिला घाबरवण्यासाठीही वापरू नका.

यापुढचे पत्र तिने स्वतः लिहावे आणि ते आपण आधी वाचू नये. महाविद्यालय निवडताना तिने एक गोष्ट जरूर विचारावी: पदवीच्या वर्षांत वर सांगितलेली चकत्यांची चाचणी विद्यार्थी स्वतःच्या हाताने करतात, की नुसती पाहतात?