वर्गाच्या ग्रुपवर दुसऱ्याला छळणारी मुलं मुळातच दुष्ट असतात का?

नाही, बहुतेक मुलं दुष्ट नसतात, ग्रुपमधली आपली जागा टिकवायला ती हे करतात आणि समोरच्याचा रडवेला चेहरा दिसत नाही म्हणून थांबत नाहीत. शाळेत समुपदेशनाचं काम करते त्यामुळे हे सारखं बघते, कुणीतरी वर्गातल्या मुलीचा डबा खातानाचा फोटो काढतो, त्याचं स्टिकर बनवतो, पाच मिनिटांत निम्मा वर्ग हसायचे इमोजी टाकतो आणि त्याला नेमकं तेच हवं असतं. पडद्याआड माणसाचा संकोच सुटतो, याला जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये ऑनलाइन डिसइनहिबिशन इफेक्ट असं नाव दिलं. त्यात हे किशोरवय असं की मित्र बघतायत म्हटलं की भान राहत नाही, गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवायच्या गेममध्ये मित्र सोबत असताना मुलांनी एकटं असतानापेक्षा जास्त धोका पत्करला होता. पण हे सगळ्यांना सरसकट लावू नका. काही जण स्वतः छळ सोसलेले असतात आणि तोच राग दुसऱ्यावर काढतात, आणि एखादा महिनोन् महिने एकाच मुलीच्या ठरवून मागे लागला असेल, वर जराही वाईट वाटत नसेल, तर ती नुसती वयाची गोष्ट नाही, त्याला तज्ज्ञाला दाखवाच. तुमच्याच मुलाने केलं असेल तर फोन हिसकावण्याआधी शांतपणे विचारा, "ते स्टिकर बघून ती काल घरी काय करत असेल रे?"