एमआरआय नॉर्मल आला म्हणून फाईल मिटवू नका

ताई, भास होणाऱ्या तुमच्या बाबांच्या मेंदूच्या एमआरआयवर ‘वयोमानानुसार बदल’ एवढंच लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. अल्झायमरमध्ये बहुधा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, आक्रसतो. लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या दुसऱ्या प्रकारात तो बराचसा शाबूत असतो, म्हणून फिल्म साधी वाटते. एफडीजी पेटमध्ये (मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते दाखवणारा स्कॅन) फरक जास्त उघडा पडतो: लेवी बॉडीत मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग मंदावलेला दिसतो. तरी त्या खर्चात पडण्याआधी न्यूरोलॉजिस्टना घरचं सगळं सांगा. बाबांना सोफ्यावर नसलेली पोरं दिसतात, ‘त्यांना चहा दे’ म्हणतात, झोपेत लाथा झाडतात, रंकाळ्याच्या रोजच्या फेरीत वाट चुकतात. स्कॅनइतकंच हेही मोलाचं, माझ्या मते जास्तच. आणि भास थांबवायला कुणी हॅलोपेरिडॉल हे मनोविकारांवरचं औषध लिहिलं तर लेवी बॉडीची शंका आधी बोलून दाखवा. त्या पेशंटना ते फार बाधू शकतं.