वडिलांची कार मुलाच्या नावावर केली तर रोड टॅक्स परत भरावा लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडिलांनी आता गाडी चालवणं सोडलंय, कार तुमच्या नावावर करायचीय, गाडी महाराष्ट्रातलीच आहे आणि इथेच राहणार आहे, पण एजंट म्हणतो मालक बदलला की टॅक्स नव्याने भरावा लागतो. नाही लागत हो. आपल्याकडे खाजगी कारचा टॅक्स नवी घेतानाच एकरकमी भरलेला असतो, वन टाइम टॅक्स म्हणतात तो, आणि तो गाडीवर असतो, माणसावर नाही. वडिलांनी भरलाय तो गाडीबरोबर तुमच्याकडे आपोआप येतो. (गाडी कंपनीच्या नावावर न्यायची असेल तर गोष्ट वेगळी, कारण कंपनीला टॅक्सचा दर जास्त असतो.)

पण एक गैरसमज आधीच काढून टाका, बाबांची कार माझ्या नावावर करताना मलाही होता तो. मला वाटायचं बापलेकांतलाच मामला आहे तर आरटीओत काहीतरी सोपा फॉर्म असेल. तसं काही नसतं. आरटीओच्या लेखी बाबा विकणारे आणि मी घेणारा, संपलं. तेच मालक बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, तोच पीयूसी, तोच चालू इन्शुरन्स, थकलेली चलानं असतील तर ती आधी भरा, गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आधी बसवून घ्या. फी मात्र किरकोळ आहे, नव्या कारच्या नोंदणीची फी ६०० रुपये असते, ट्रान्स्फरला तिच्या निम्मी म्हणजे ३००, वर आरसीच्या स्मार्ट कार्डाचे वगैरे थोडे. लोन फिटलं असेल पण आरसीवर अजून बँकेचं नाव दिसत असेल तर बँकेची एनओसी म्हणजे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवून घ्या. कायद्यात मुदतही आहे, देणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत.

माझा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला सांगू? मोबाईल नंबरात. आरटीओच्या कामांच्या सरकारी वाहन पोर्टलवरून ओटीपी येईना म्हणून बघितलं तर बाबांच्या गाडीला भलताच नंबर जोडलेला, बहुतेक शोरूमवाल्याने घाईत स्वतःचाच टाकलेला. तो बदलण्यातच दोन आठवडे गेले. त्यामुळे आज घरी बसून पहिलं काम हे करा, नंबर कुठला आहे ते तपासा. दुसरं म्हणजे फॉर्मवर लागणारी चेसिस प्रिंट, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा ठसा. बॉनेट उघडून चेसिस नंबर कोरलेला असतो त्यावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी नाण्याचे ठसे काढायचो ना अगदी तसं. आधी कापडाने तेलकट धूळ पुसा, नाहीतर आकडे उमटतच नाहीत, माझे तीन कागद फुकट गेले.

आता खरं नुकसान कुठे होतं ते. इन्शुरन्स. आरसीवर माझं नाव आलं, मी खूश, पॉलिसी तशीच बाबांच्या नावावर राहिली, म्हटलं रिन्युअलला बघू. दीड महिन्याने पार्किंगमध्ये कुणीतरी मागचा दरवाजा ठोकून गेलं, क्लेम टाकला तर उत्तर आलं की गाडीचा मालक आणि पॉलिसीधारक वेगळे आहेत. थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचं, कव्हर गाडीबरोबर येतं पण स्वतःच्या नुकसानीचं आपण अर्ज केल्याशिवाय येत नाही, आणि तो अर्ज १४ दिवसांत करायचा असतो. दरवाजाचे पैसे खिशातून गेले, शिवाय घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच. आणि वडिलांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळणार नाही बरं का, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, म्हणजे टॅक्सच्या बरोब्बर उलट. उरलेल्या महिन्यांचा बोनसचा फरक कंपनी तुमच्याकडून घेते. वडील पुढे दुसरी गाडी घेणार असतील तर त्यांच्यासाठी तेवढं बोनसचं पत्र मागून ठेवा.

टॅक्स खरंच परत लागतो तो राज्य बदललं की. समजा हीच कार तुमच्या बंगळुरूच्या भावाला द्यायची असती तर इथून फॉर्म २८ वाली एनओसी, तिकडे गाडीचं वय आणि किंमत बघून लाइफटाइम टॅक्स, नंबरही कर्नाटकचा केए होणार, आणि मग इथल्या उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मिळावा म्हणून महाराष्ट्रातल्या आरटीओत अर्ज. हा परतावा मिळतो पण चिकाटी लागते. बहुतेक तुमच्या एजंटने ही दुसऱ्या राज्याचीच गोष्ट तुमच्या गळ्यात मारलीय. आणि गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर नोंदणी नूतनीकरणाची फी कारला ५००० आणि वर पर्यावरण कर, पण तो गाडी म्हातारी झाली म्हणून, मालक बदलला म्हणून नाही.

इन्कम टॅक्सचं विचारलंत, त्याची काळजी सोडा. वडिलांकडून मिळालेल्या गिफ्टवर कर नाही आणि घरच्या वापरातल्या कारवर त्यांनाही कॅपिटल गेन लागत नाही. 

एजंटला एवढंच विचारा की या टॅक्सची पावती गाडीच्या नंबरावर निघणार ना, ऑनलाइन मीच भरतो. माझा एजंट त्यानंतर फोन उचलायचा बंद झाला.