दुपारची ऊब पहाटेपर्यंत: हरितगृहाखालच्या मातीत उष्णता साठवताना

थंडी सुरू झाली की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एक तक्रार हटकून असते. या वेळी तीन शेतकऱ्यांनी ती जवळपास एकाच भाषेत लिहिली आहे: "दुपारी हरितगृहात उभं राहवत नाही, पडदे वर करून गरम हवा सोडून द्यावी लागते. पहाटे मात्र टोमॅटोची फुलं गळतात, पानं खालून जांभळी पडतात. दुपारची उष्णता जमिनीखाली पाइप टाकून साठवता येईल का? पाइप किती खोल घालायचे?" चौथ्या शेतकरी भगिनींनी विचारलं आहे, की उन्हाळ्याची उष्णता साठवून हिवाळ्यात वापरता येईल का.

उष्णता साठवता येते, आणि ही पद्धत नीट बसवली तर चांगलं काम देते. पण सगळ्यांनी "किती खोल" एवढंच विचारलंय, आणि खोली हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. आधी थोडा हिशोब करू, म्हणजे पैसा कुठे घालायचा ते कळेल.

समजा हरितगृह २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी ३ मीटर उंच आहे. आत ६०० घनमीटर हवा मावते. दुपारी ही हवा ३२ अंशांवर आहे आणि ती थंड होत १२ अंशांवर आली, तर तिच्यातून मिळणारी उष्णता भरते फक्त ४ युनिट (विजेच्या बिलातलं युनिट, म्हणजे एक किलोवॉट तासभर). एकेरी प्लॅस्टिकचं आच्छादन असेल आणि आत-बाहेर ८ अंशांचा फरक ठेवायचा असेल, तर रात्री त्या आच्छादनातून साधारण १७ किलोवॉट वेगाने उष्णता बाहेर जात असते. म्हणजे हवेतली सगळी ऊब पाव तासातच संपते. सूर्य मावळला की तासाभरात घर गार पडतं, त्याचं कारण हेच.

आता मातीकडे पाहा. त्याच घराखालची ६० सेंटिमीटर जाडीची ओलसर माती फक्त १ अंशाने तापवली, तरी तिच्यात ८० युनिटच्या वर उष्णता मुरते. दहा तासांच्या रात्रीची गरज आहे १७० युनिट. मातीचं तापमान रात्रभरात २ अंशांनी उतरलं की ती भागते. तेव्हा कोठार तुमच्याकडे आधीपासूनच आहे आणि ते भरपूर मोठं आहे. अडचण आहे ती उष्णता त्यात भरण्याची आणि वेळेवर बाहेर काढण्याची.

माती उष्णता हळू सरकवते. एका दिवसरात्रीत ती पाइपापासून जेमतेम वीतभर आत जाते. त्यामुळे दोन-तीन जाड पाइप खोलवर घालून भागत नाही. मी पाहिलेल्या एका हरितगृहात दोन मोठे पाइप माणसाच्या उंचीपेक्षा खोल पुरले होते. पंखा रात्रभर चालायचा, आणि पहाटे पाइपाच्या तोंडाशी हात धरला तर आतली आणि बाहेरची हवा सारखीच गार लागायची. पाइपाभोवतीची थोडीशी माती लवकरच रिकामी झाली होती, आणि त्यापलीकडच्या मातीतली उष्णता पाइपापर्यंत पोचतच नव्हती. खर्च मोठा झाला होता, मेहनतही मनापासून केली होती, म्हणून ते पाहून वाईट वाटलं.

म्हणून पाइप बारीक आणि पुष्कळ घ्या. पाण्याचा निचरा करण्यासाठी जो नालीदार, छिद्रांचा १० सेंटिमीटर व्यासाचा पाइप मिळतो, तोच यासाठी उत्तम. तो घराच्या रुंदीत आडवा टाका आणि दोन पाइपांत ३० ते ४० सेंटिमीटर अंतर ठेवा. वरच्या उदाहरणातल्या घरात एका थरात ५५-५७ पाइप बसतात. पहिला थर ५० ते ६० सेंटिमीटर खोल आणि जमल्यास दुसरा मीटरभर खोल घाला. वरचा थर याहून वर आणू नका, नाहीतर मशागतीत पाइप फुटतो. एकेक पाइप १० मीटरपेक्षा लांब ठेवू नका. हवा आपली बहुतेक उष्णता पहिल्या काही मीटरांतच सोडते, पुढे नुसता पंख्यावरचा भार वाढतो. दोन्ही टोकांना सगळे पाइप एका मोठ्या नळात किंवा पिंपात जोडा. एका बाजूला छताच्या कण्याखालची सर्वांत गरम हवा पंख्याने खाली ढकला आणि दुसऱ्या बाजूला ती गादीवाफ्यांच्या उंचीवर बाहेर येऊ द्या.

पंख्यात काटकसर करू नका. पाइपातून जाताना रात्रीची हवा ६ अंशांनी तापली, असं धरा. सेकंदाला १ घनमीटर हवा फिरली तर साधारण ७ किलोवॉट उष्णता हाती येते. १७ किलोवॉटसाठी घरातली सगळी हवा तासाला चौदा वेळा पाइपातून फिरवावी लागेल, आणि ते परवडणारं नाही. म्हणून खोदाईआधी रात्री ओढायचा उष्णतारोधक पडदा बसवा. चांगला, फटी न राहणारा पडदा उष्णतेची गळती एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी करतो, मग सेकंदाला दीड घनमीटर हवेत काम भागतं. सूर्याकडे पाठ असलेली भिंत प्लॅस्टिकची असेल तर तीही आतून झाका, तिथून ऊन फारसं येतच नाही. फाटलेलं आच्छादन आणि दाराखालची फट तशीच ठेवून जमिनीत पाइप घालणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं.

दुपारच्या हवेतली बाष्पाची गोष्ट मात्र बारकाईने समजून घ्या, यातला खरा नफा तिथेच आहे. पिकाच्या पानांतून निघालेलं पाणी हवेत असतं. ३२ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा जमिनीखाली २२ अंशांपर्यंत गार झाली की त्यातलं बरंच बाष्प पाइपाच्या भिंतीवर पाणी होऊन बसतं. पाणी होताना जी उष्णता सुटते, ती हवा नुसती गार होण्यातून मिळणाऱ्या उष्णतेच्या जवळपास दुप्पट असते. सेकंदाला १ घनमीटर हवा फिरवली तर अशा हवेतून तासाला ३० लिटरच्या आसपास पाणी मातीत उतरतं. वर परतलेली हवा पुन्हा तापली की तुलनेने कोरडी असते, त्यामुळे दिवसा पानं सुकी राहतात आणि करड्या बुरशीला वाव कमी मिळतो. रात्री उलट होतं. पाइपातून वर येणारी हवा थोडी ओल घेऊन येते, म्हणून पहाटे पानांवर थेंब दिसतात का ते बघत जा.

एवढं पाणी उतरतं म्हणूनच पाइप छिद्रांचा हवा, आणि त्याला मीटरमागे सेंटिमीटरभर उतार हवा. पाइप मध्येच खाली वाकला तर तिथे पाणी साचून हवेची वाट बंद होते. पंखा चालू असताना पाइपातून गुळगुळ आवाज आला, की समजा असंच झालंय. चर बुजवताना आधी पाइपाखाली आणि भोवती बारीक वाळू किंवा चाळलेली माती दाबून घ्या. ढेकळं तशीच टाकली तर पोकळ्या राहतात, आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते.

मातीतली ओलही तेवढीच महत्त्वाची आहे. कोरडी वाळू उष्णता फार कमी वाहून नेते, ओली वाळू तिच्या पाचपट किंवा त्याहून जास्त. नेहमीची वाफशाची स्थिती, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही, अशी राहिली की पुरे. मात्र भूजलाची पातळी पाइपांपर्यंत चढत असेल, तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही. वाहतं पाणी तुमची उष्णता घेऊन जातं आणि पाइपही भरून जातात. अशा ठिकाणी पाण्याच्या टाक्या किंवा काळी पिंपं घरात उन्हात ठेवा. १ घनमीटर पाणी १० अंश तापलं तर सुमारे साडेअकरा युनिट उष्णता धरतं.

घराच्या कडेने उष्णता बाजूला पळते. पायाच्या बाहेरून चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जाडीचे, पाणी न शोषणारे फोमचे तक्ते ६० सेंटिमीटर ते १ मीटर खोल उभे पुरा. साधा थर्माकोल जमिनीत ओल धरतो आणि काही वर्षांत निरुपयोगी होतो. तळाला काही घालायची गरज नाही.

चालवण्याचा नियम साधा आहे. दिवसा कण्याखालची हवा मातीपेक्षा ५-६ अंशांनी गरम झाली की पंखा सुरू करा, रात्री पिकाच्या उंचीवरचं तापमान ठरवलेल्या मर्यादेखाली गेलं की पुन्हा सुरू करा. दोन थर्मोस्टॅट लावले की हे आपोआप होतं. पाइपातून येणारी आणि आत जाणारी हवा यांत ३ अंशांचाही फरक उरला नसेल, तर पंखा बंद करा, तेव्हा तो नुसती वीज खातो. उष्णतेच्या मोहाने घर दिवसभर बंद ठेवू नका. बंद घरात पीक कर्बवायू वापरून टाकतं आणि त्याची पातळी बाहेरच्यापेक्षा खाली जाते. सकाळी ऊन वर आलं की थोडा वेळ झडपा उघडाच.

पानं खालून जांभळी पडतात याबद्दल. टोमॅटोच्या मुळाशी तापमान १४-१५ अंशांखाली गेलं की मातीत स्फुरद (फॉस्फरस) असूनही मुळं ते नीट उचलत नाहीत, आणि त्याच्या कमतरतेने पानं जांभळी पडतात. खताची मात्रा वाढवून उपयोग होत नाही. या पद्धतीत हवेआधी मुळांना फायदा मिळतो, आणि मला हाच लाभ सर्वांत मोठा वाटतो. हवा १० अंशांवर असली तरी मुळं उबदार असली तर झाड तग धरतं. फुलगळीसाठी मात्र हवाच सांभाळावी लागते. काकडी आणि ढोबळी मिरचीला रात्री टोमॅटोपेक्षा जास्त ऊब लागते, त्यांच्यासाठी जोडीला दुसरी सोय ठेवा.

उन्हाळ्याची उष्णता हिवाळ्यापर्यंत टिकवायची असेल तर साठा प्रचंड मोठा लागतो. साठ्याची लांबी, रुंदी, खोली दुप्पट केली की आकारमान आठपट होतं पण बाजू चौपटच, म्हणून मोठ्या साठ्यातून गळती प्रमाणाने कमी होते. कॅनडातल्या ओकोटोक्स गावात २००७ पासून ५२ घरांसाठी १४४ विंधणविहिरींत उन्हाळ्याची उष्णता साठवली जात असे. नेदरलँड्समध्ये काही मोठी हरितगृहं भूगर्भातल्या जलधारक थरांत ती साठवतात. एकट्या २०० चौरस मीटरच्या घराला हे जमणार नाही. ताई, तुम्ही रोजच्या साठ्यापासूनच सुरुवात करा.

चर आखण्याआधी आठ दिवस तीन नोंदी ठेवा: भर दुपारी कण्याखालचं तापमान, पहाटे पिकाच्या उंचीवरचं, आणि दोन्ही वेळा अर्धा मीटर खोल मातीचं. सोबत त्या खड्ड्यात पाणी झिरपतं का तेही बघा. हे आकडे आणि घराची मापं पाठवलीत, तर तुमच्या घराला एक थर पुरेल की दोन, ते हिशोब करून सांगता येईल.