मुलीला गोष्ट कळते, पण माहितीच्या उताऱ्यातला मुख्य मुद्दा सापडत नाही. कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चौथीत आहे, गोष्ट वाचली की छान सांगते, पण परिसर अभ्यासाचा धडा वाचल्यावर ‘यात मुख्य काय सांगितलंय?’ विचारलं की एकतर पहिलं वाक्य वाचून दाखवते, नाहीतर अख्खा धडाच सांगत सुटते. मी दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडेही बरीच मुलं इथेच अडतात. म्हणून आधी हे सांगते, की तिचं वाचन कच्चं आहे असं मुळीच समजू नका. गोष्टीत ‘पुढे काय झालं’ याचा धागा हाताशी असतो. माहितीत तो नसतो, कुठलं वाक्य कशासाठी आलंय हे आपणच शोधायचं असतं.

‘मुख्य काय?’ हा प्रश्न या वयाला फार मोठा आहे. त्याचे दोन करा. हे कशाबद्दल आहे? आणि त्याबद्दल काय सांगायचंय? पहिल्याचं उत्तर एका शब्दात येतं, दुसऱ्याचं पूर्ण वाक्यातच द्यायला लावा. मुलं पहिल्यावरच थांबतात. ‘उताऱ्याला शीर्षक द्या’ या प्रश्नाने ती सवय आणखी घट्ट होते, कारण तिथे ‘समुद्री कासवे’ एवढं लिहिलं तरी चालून जातं.

मी वर्गासाठी असा एक उतारा लिहून घेतलाय:

‘ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या वर अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. कोल्हे-कुत्रे ती अंडी उकरून खातात, पूर्वी माणसंही न्यायची. वाळू जास्त ऊबदार असेल तर पिल्लांत माद्या जास्त निघतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने संवर्धनाचं काम सुरू केलं. अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुन्हा वाळूत पुरतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर आली की ती समुद्राकडे सोडतात.’

एकेक वाक्य वेगळ्या कागदाच्या पट्टीवर लिहा आणि पट्ट्या ओटीवर मांडा. मुख्य काय विचारलं की पोरं हमखास म्हणतात, ‘बाई, शंभर अंडी!’ किंवा ‘ऊबदार वाळूत माद्या!’ जे नवलाचं, तेच त्यांना मुख्य वाटतं. त्यांना चूक म्हणू नका. एक पट्टी उचला आणि विचारा, ‘ही नसली तर काय बिघडेल?’

ऊबदार वाळूची पट्टी काढली तर बाकीचं जसंच्या तसं उभं राहतं. कोल्हे-कुत्र्यांची काढली तर लगेच कोणीतरी विचारतं, मग कुंपण कशाला? तिथे मुलं थबकतात, आणि मला शिकवण्यातला सगळ्यात आवडता क्षण तोच. हळूहळू एक वाक्य तयार होतं: ‘कासवाची अंडी किनाऱ्यावर सुरक्षित नसतात, म्हणून वेळासला माणसं ती राखतात.’ हे वाक्य एकाही पट्टीवर नाही, ते मुलांनी स्वतः बांधलेलं असतं. मुख्य मुद्दा पहिल्या ओळीतच असतो हा समज इथे आपोआप गळून पडतो.

मग उलट या. ‘कशावरून?’ विचारा आणि तिला पट्टीवर बोट ठेवू द्या. जी पट्टी ‘का’, ‘कसं’ किंवा ‘कशावरून’ याचं उत्तर देते, तो या मुद्द्याचा तपशील. उरलेली माहिती खरी असते, मजेची असते, पण या मुद्द्याला आधार देत नाही.

अधोरेखित करायला लगेच पेन्सिल देऊ नका. पहिल्याच वाचनात पान काळं होतं. आधी पूर्ण वाचू दे.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलाला विषयाची काहीच ओळख नसेल तर मुद्दा सापडत नाही. आमची खाडीकाठची पोरं कांदळवनावरचा उतारा पटकन पकडतात, कारण चिखलातून वर आलेली ती मुळं त्यांनी पाहिलेली असतात. त्यांच्यापुढे थरच्या वाळवंटाचा उतारा ठेवला की तीच पोरं गडबडतात. म्हणून बाजारात मिळणाऱ्या सरावपुस्तिकांतले इकडचे-तिकडचे उतारे रोज सोडवून घेण्यापेक्षा एकाच विषयावरचं तीन-चार ठिकाणचं वाचून घ्या. मासेमारीवरच्या पावसाळी बंदीचं उदाहरण घ्या. बातमी वाचली तर तिला १ जून ते ३१ जुलै या तारखाच मुख्य वाटतील. मग पावसाळ्यात बऱ्याच माशांची वीण होते आणि दर्याही खवळलेला असतो, हे दुसरीकडे वाचलं की तारखा तपशिलात जातात आणि बंदी कशासाठी, हे पुढे येतं.

परीक्षेत गुण जातात असंही तुम्ही म्हणालात. तिथे उत्तराचं पहिलं वाक्य मुद्द्याचं, तेही तिच्या शब्दांत, आणि त्याखाली उताऱ्यातले दोन तपशील, एवढंच लिहायला सांगा. तारखा आणि आकडे मात्र पाठ असू देत, ते वेगळे विचारतातच.